शुभदामावशीची बिनपायऱ्यांची खोली

समजा, तुमच्या घरामागे बागेचं सामान ठेवायची एक शेड आहे. दहा बाय बारा. वर सिमेंटचा पत्रा, खाली उखडलेला कोबा, आत फावडं, फुटक्या कुंड्या, रंगाचे वाळलेले डबे आणि केव्हाच विकून टाकलेल्या स्कूटरचं एक टायर. आता या शेडमध्ये माणसाला आरामात राहता येईल अशी खोली करायची आहे. तुम्ही काय कराल? सामान बाहेर काढाल, पत्रा बदलाल, खिडकी पाडाल, फरशी घालाल, एक लहानसं बाथरूम जोडाल. दोन महिने, फार तर अडीच.

आता समजा, तुम्ही माझे पद्मनाभकाका आहात. मग फेब्रुवारीत सुरू केलेलं काम ऑक्टोबर उजाडला तरी संपत नाही.

ही खोली शुभदामावशीसाठी होती. मावशी म्हणजे माझ्या आईची मावसबहीण. लग्न होऊन साताऱ्याहून बंगळुरूला आली त्याला चाळीस वर्षं झाली. काका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, तेव्हाच त्यांनी जे. पी. नगरला घर बांधलं. खालचा मजला एका दंतवैद्याच्या दवाखान्याला भाड्यानं दिलाय, हे दोघं वर राहतात. मावशीचं सगळं जग मात्र खाली. तिची कढीपत्त्याची नि जास्वंदीची झाडं, दारावर येणारा भाजीवाला, संध्याकाळी फाटकापाशी जमणाऱ्या शेजारच्या अक्का.

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, जिने-पायऱ्या शक्यतो टाळा. म्हणजे मावशी वरच अडकली. गॅलरीतून दोरीला टोपली बांधून ती भाजी वर ओढायची आणि वरूनच भांडायची. "अण्णा, ही काय वांगी म्हणायची? स्वल्प बघून तरी घाला!" पण भाजी निवडता न येणं हे तिच्या मते आजारपणापेक्षा वाईट होतं. शेवटी तीच म्हणाली, "अहो, मागची शेड नीट करून द्या. मी तिथं राहते. बाकी काही नको, फक्त पायरी नको."

काका लगेच कामाला लागले. आणि तिथंच घोळ झाला.

काकांनी सगळी नोकरी गुणवत्ता तपासणी विभागात काढली. दुसऱ्यानं केलेल्या वस्तूत खोट काढायची आणि ती परत पाठवायची, हेच काम. शिवाय त्यांच्या विभागाचा एक नियम त्यांच्या हाडात मुरलेला: ज्यानं काम केलं, त्यानं ते तपासायचं नाही. मेस्त्रीचं काम काका तपासणार, हे ठरलेलंच होतं. पण आराखडा काकांचा, मग तो कोण तपासणार? त्यांनी मल्लेश्वरमहून त्रिविक्रमकाकांना बोलावलं. तेही त्याच विभागातून निवृत्त झालेले आणि नापास करण्यात काकांच्या दोन पावलं पुढे.

मी बंगळुरूतच, एचएसआरला राहते, सॉफ्टवेअरमध्ये आहे. शनिवारी स्कूटर काढून मावशीकडे जेवायला जायचं हा माझा नेम. त्यामुळे या दोघांच्या बैठका मी पाहिल्या आहेत. उत्साहानं एक-दोनदा लॅपटॉपवर दिव्यांचा आणि प्लगचा नकाशाही करून दिला.

पहिल्या बैठकीत त्रिविक्रमकाकांनी शेडच्या दाराशी बादलीभर पाणी ओतलं. ते सरळ आत गेलं.

"पद्या, नापास," ते म्हणाले. "पावसाळ्यात काय करशील? मागं सर्जापूर रोडला लोक ट्रॅक्टरमधून ऑफिसला गेले होते, विसरलास?"

"इथं कुठलं तळं आहे फुटायला?" मी म्हणाले.

"सर्जापूरवाल्यांनाही तसंच वाटत होतं."

जमीन अर्धा फूट उचलायचं ठरलं. मेस्त्री म्हणाला, "सरी सार." "बरं साहेब" या अर्थानं तो प्रत्येक गोष्टीला "सरी सार" म्हणायचा, कारण प्रत्येक बैठकीनंतर त्याचं काम वाढायचं.

जमीन उचलल्यावर छत डोक्याशी आलं, पंख्याखाली उभं राहायची सोय उरली नाही. म्हणून छत उचललं. मग बाथरूम. त्याचं पाणी पुढच्या चेंबरपर्यंत जायचं तर पाइपला ढाळ हवा, आणि ढाळ मिळायला जमीन आणखी वर हवी. आणखी अर्धा फूट. जूनमध्ये एक मोठी सर आली आणि नव्या जमिनीच्या काठापर्यंत पाणी चढलं. आत थेंब गेला नाही, तरी त्रिविक्रमकाकांनी मान हलवली. "काठावर पास म्हणजे नापास." आणखी अर्धा फूट.

इकडे मावशी मागच्या गॅलरीत बसून विचारायची, "झालं का?"

"फिनिशिंग राहिलंय," काका खालून ओरडायचे.

"तुमच्या कारखान्यातून कधी काही बाहेर पडायचं का हो? की सगळं फिनिशिंगलाच?"

वरून मावशीला दिसायचं ते फक्त छत. त्याच्या रंगावरून ती चांगली आठवडाभर भांडली आणि विटकरीचा हिरवा करून घेतला. भिंती, दार, जमीन यांतलं काहीच गॅलरीतून दिसत नव्हतं.

दसऱ्याला नव्या खोलीत दूध उतू घालायचं ठरलं. मावशीनं नवी साडी नेसली. एका हातानं कठडा, दुसऱ्यानं माझा खांदा धरून ती जिना उतरली. प्रत्येक पायरीला थांबत होती, पण हसत होती. "आता हा शेवटचा हं. यापुढे या जिन्याचं तोंड बघणार नाही." झाडांपाशी थांबली, कढीपत्त्याचं पान चुरगाळून वास घेतला, मग वळून शेडकडे पाहिलं.

दारापुढे तीन पायऱ्या होत्या. गुळगुळीत, काळ्या कडप्प्याच्या, अगदी एकसारख्या.

मावशीनं बोट दाखवत त्या मोजल्या. मग म्हणाली, "अहो, हे काय?"

"पायऱ्या," काका म्हणाले. सांगताना अभिमानच होता आवाजात. पुढच्या क्षणी तो गेला. "म्हणजे... पाण्यासाठी उचलावं लागलं ना."

"वर बावीस आहेत, वहिनी. इथं तीनच," त्रिविक्रमकाका म्हणाले. "बरीच सुधारणा आहे."

"तुम्ही गप्प बसा भावोजी. तुमच्या बादलीनंच केलंय हे."

"रॅम्प करू!" काका टेप काढत म्हणाले. "दीड फूट उंची, एकास बाराचा उतार, म्हणजे अठरा फूट लांब." त्यांनी टेपचं टोक उंबऱ्याला धरलं, दुसरं टोक घेऊन त्रिविक्रमकाका मागं सरकत गेले. बारा फुटांवर त्यांची पाठ कुंपणाच्या भिंतीला टेकली. मध्ये मावशीची जास्वंद होती.

"वळवून घेता येईल," भिंतीला टेकूनच ते म्हणाले. "हे झाड तेवढं काढलं की..."

"झाडाला हात लावून बघा कोणी."

आतून शेगडीवर ठेवलेलं दूध उतू गेल्याचा वास आला. कुणी हललं नाही. मी दवाखान्यातून एक प्लास्टिकची खुर्ची आणून कढीपत्त्याखाली ठेवली. मावशी तीत बसली. वर जाणार नाही म्हणाली, आणि आतही जाणार नाही. चहा तिथंच मागवला. काका आणि त्रिविक्रमकाका वळणाच्या रॅम्पवरून हुज्जत घालू लागले, मेस्त्री लांबून "सरी सार" म्हणाला.

मावशीनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सिद्धी, तू पण त्यांच्यातलीच, म्हणून तुला विचारते. तुम्ही तिघं एवढे शिकलेले. ही खोली पाणी येऊ नये म्हणून बांधलीत, की मी यावं म्हणून?"