डेरिकची उजवी दोरी

डेरिक पॅलिस्टर आभाळात कायम दुसरा असतो. एकटा उडवत असला तरी दुसराच.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या आमच्या रेडकर गावात, कोथमच्या वाळूवर भरती ओसरली आणि ईशान्येचा वारा सुटला की तो समुद्राकडे पाठ करून उभा राहतो. दोन्ही मनगटांना पट्टे, पट्ट्यांना दोन दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला त्याचा जाळीचा पतंग. वारा ताशी चाळीस मैलांच्या वर गेला की साधा पतंग माणसाला फरफटत नेतो, म्हणून जोराच्या वाऱ्यासाठी कापडात मध्ये मध्ये जाळी शिवलेली असते. थोडा वारा पतंगाला, थोडा देवाला. तर डेरिकचा हा पतंग सरळ रेषेत छान जातो, पण वळायच्या जागी आला की अर्धा क्षण घुटमळतो. पुढे चाललेल्या कुणालातरी आधी वळू द्यावं, तसा. मग वळतो.

"डेरिक, तुझ्या पुढे कोण रे?" गॉर्डन हार्लंड दर वेळी विचारतो. गॉर्डन आमच्या क्लबाचा अध्यक्ष. कारण मोठा थर्मास त्याच्याकडे आहे.

"कुणी नाही."

"मग तिला सांग, जरा लवकर वळत जा."

आम्ही सात जण हसतो. डेरिकही हसतो, पण वळतो उशिराच.

पुढे असायची ती एलीन थीकर. आमच्या रेडकरात तिला ओळखत नाही असा माणूस नव्हता, कारण ती हाउजीच्या हॉलात आकडे पुकारायची. तिचा आवाज असा, की शेवटच्या रांगेत डुलक्या घेणारी म्हातारीसुद्धा दचकून आपलं तिकीट तपासायची. आणि डेरिक एकतीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात, रुळांच्या खणखणाटात. कान अर्धे कामातून गेलेले. त्याला दारावरची घंटा ऐकू येत नाही. एलीन तेवढी ऐकू यायची, तीही घोंगावत्या वाऱ्यात.

जोडीनं उडवण्याचा नियम साधा आहे. पहिला पुकारतो, दुसरा वळतो. दुसऱ्यानं आपलं डोकं चालवायचं नाही; चालवलं की चार दोऱ्यांची वेणी. पण एलीनची एक गंमत होती. नव्वद आकडे तिला तोंडपाठ, डावं-उजवं मात्र आयुष्यात कधी कळलं नाही. म्हणून ती खुणा पुकारायची. उजवीकडे किनाऱ्याच्या टोकाला कारखान्याची उंच भट्टी दिसायची, डावीकडे लांब सॉल्टबर्नचा कडा. "भट्टी!" म्हटलं की दोन्ही पतंग उजवीकडे. "कडा!" म्हटलं की डावीकडे. असे ते सव्वीस वर्षं उडले. ती विधवा, हा बिनलग्नाचा, आणि दोघांत काय आहे हे त्या दोघांखेरीज सगळ्या गावाला माहीत. गॉर्डन म्हणतो, सव्वीस वर्षांत डेरिकनं तिला स्वतःहून एकच प्रश्न विचारला: साखर किती?

चार वर्षांपूर्वी एलीनच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि तिच्या मुलीला जुळं झालं, दोन्ही एकाच वर्षी. ती मुलीकडे डर्बीशरला गेली. तिथून इंग्लंडचा कुठलाही समुद्र सारखाच लांब आहे. जाताना तिचा जाळीचा पतंग, तिनं स्वतः शिवलेला, डेरिकच्या शेडमध्ये टांगून गेली. त्यानं तो झटकला, पुसला, पण उडवला एकदाही नाही.

या मार्चमध्ये तिचं कार्ड आलं. रविवारी येतेय, संध्याकाळच्या गाडीनं परत. रविवारचा वाऱ्याचा अंदाज होता ईशान्य, बेचाळीस मैल. डेरिककडे गाडी नाही, म्हणून स्टेशनवर मी माझ्या व्हॅनमधून घेऊन गेलो. व्हॅन जुनी, खडखडणारी, पण तिच्या इंजिनाच्या आवाजातही त्याचं पुटपुटणं बुडत नव्हतं. बहिऱ्या माणसाचं पुटपुटणं शेजारच्या गल्लीत जातं.

"एलीन, इथंच राहा."

"कुणाला सांगतोयस?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग लाज सोडलीच. "कसं वाटतं?"

"पोलिसासारखं."

"एलीन, तुला इथं राहायला आवडेल का?"

"आता लॉजवाल्यासारखं."

"मग तू सांग की, शहाण्या!"

मी गिअर बदलला. एकतीस वर्षांचा होऊन मीही अजून आईकडेच जेवतो.

एलीन गाडीतून उतरली ती डावा हात वर करूनच. उजवा खांद्याच्या वर जात नाही तिचा. केस पूर्ण पांढरे झाले होते, आवाज तस्साच.

"डेरिक! अजून तोच कोट?"

"धुतलाय."

"कधी?"

डेरिकनं खरोखरच आठवायचा प्रयत्न केला.

वाळूवर पोचलो तेव्हा वाळू घोट्याएवढ्या उंचीवरून सापासारखी सळसळत चालली होती. गॉर्डननं तिच्यासाठी वर लिंबाच्या बर्फाची टोपी चढवलेलं आईस्क्रीम आणलं होतं. आमच्याकडे ते थंडीतही खातात, आणि अशा वाऱ्यात वाळूसकट. एलीननं एकदा चाटलं, कचकच चावलं, उजवीकडे पाहिलं आणि थांबली.

"माझी भट्टी कुठाय?"

"पाडली," डेरिक म्हणाला. "सुरुंग लावून. सकाळी नऊला. मी बघायला नाही गेलो."

ती बराच वेळ त्या मोकळ्या आभाळाकडे पाहत राहिली. मग आईस्क्रीम गॉर्डनच्या हातात दिलं. "माझा पतंग आण."

"अगं बाई, खांदा!" गॉर्डन म्हणाला.

"खांदा एकच गेलाय. पतंगाला दोऱ्या दोन. कड्याकडची माझी, भट्टीकडची डेरिकची. तू चहा ओत."

एक पतंग दोघांनी उडवायचा, एकेक दोरी एकेकानं धरायची, हे आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. दोघं शेजारी शेजारी ओल्या वाळूत बसले, टाचा रोवल्या, पट्टे चढवले. पतंग धरायला मी पलीकडे गेलो, पस्तीस पावलांवर. वाऱ्याची एक खोड आहे. पतंग धरून जो उभा असतो त्याचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, पण वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसलेल्यांचा शब्द न् शब्द त्याच्या कानावर येऊन आदळतो. मला कान झाकता येईनात, दोन्ही हातांत पतंग होता.

"चल!" एलीन ओरडली आणि ओढलं. मी सोडला. डावी दोरी ताणली, उजवी अर्धा क्षण ढिली राहिली, पतंग डावीकडे कलला आणि नाक खुपसून वाळूत.

मी उचलला, वाळू झटकली. "चल!" पुन्हा डावीकडे, पुन्हा गोता.

"डेरिक, काय चाललंय?"

"तू ओढलंस की मी ओढतोय."

"तेच तर! मी ओढल्यावर नाही रे, मी ओढताना!"

"मला काय कळणार तू कधी ओढणार ते?"

"सव्वीस वर्षं शेजारी उभा होतास!"

मागे गॉर्डन आणि बाकीचे चहाचे कप घेऊन उभे होते. त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं आणि ते उगाच मान डोलवत होते.

तिसऱ्या वेळी एलीननं पुकारलंच नाही. ती पतंगाकडे बघत बसली. डेरिकनं तिच्याकडे पाहिलं, मग पाहायचं सोडलं. कुणी आधी ओढलं ते मला सांगता येणार नाही. माझ्या हातातून पतंग सुटला आणि दोन्ही दोऱ्या एकाच सुरात वाजल्या. सरळ वर गेला. जाळीतून वारा असा आवाज करत होता की पोटात जाणवावा. वर टोकाला जाऊन थरथरला, आणि तिथंच राहिला. दोघंही बसल्या जागेवरून वाळूत बोटभर पुढे सरकले, टाचांच्या चार रेघा मागे ठेवून.

"एलीन," डेरिक म्हणाला. व्हॅनमधलं एकही वाक्य त्याला आठवलं नसावं. "जाऊ नकोस."

तिनं टाचा वाळूत पुन्हा रोवल्या. मग म्हणाली, "भट्टी."

डेरिकनं उजवी ओढली. तिकडे काही नव्हतं, नुसतं आभाळ. पतंग मोठं वळण घेऊन उजवीकडे गेला.

"कडा," ती म्हणाली, आणि या वेळी स्वतःची ओढली. पतंग परत आला.

"आधी विचारायचं होतंस," ती म्हणाली.

"कधी?"

"कधीही. मंगळवारी मला सुट्टी असायची."

"माझी दुसरी पाळी असायची मंगळवारी."

"सव्वीस वर्षं?"

"नाही," डेरिक म्हणाला. "सव्वीस वर्षं नाही."

ती हसली. तिचं हसणंही हाउजीच्या हॉलाएवढं आहे. मग तिनं सांगितलं, पतंगावरची नजर न काढता, की मुलगी रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करते, जावई निघून गेलाय, जुळ्यांना शाळेत सोडणं-आणणं तिच्याकडे. "जुळी बारा वर्षांची होईपर्यंत तरी नाही रे. तेव्हा मी एक्क्याऐंशीची असेन. तेव्हा मला दोन्ही खांदे नसतील."

"तू ये म्हणालीस तर मी तिकडे येईन."

"आणि करशील काय? तिकडे वारा नाही. आठ दिवसांत तू पडदा हलतो का ते बघत बसशील."

अंदाजे वीस मिनिटं ते तसेच उडवत राहिले. ती भट्टी म्हणायची, कडा म्हणायची, मग तेही म्हणेनाशी झाली आणि तरी पतंग वळत होता. माझे पाय गोठले, पण जागचं हलावं कसं ते कळेना.

उतरवल्यावर दोऱ्या गुंडाळायची वेळ आली. आमच्यात दोन्ही दोऱ्या नेहमी एकाच फिरकीवर गुंडाळतात. जोडीतल्या दोऱ्या बोटभरही कमी-जास्त चालत नाहीत. नव्या आणल्या की एका खुंटीला दोन्ही बांधून बरोबर ताणायच्या, आणि पुढे बरोबरच वापरायच्या. एकच ताणली गेली की जोड गेली. एलीननं मात्र डावी दोरी सोडवली, वेगळी गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली.

"अगं, एका दोरीवर तो काय उडवणार?" गॉर्डन ओरडला.

"माझ्याशिवाय उडवायचा नाहीच," ती म्हणाली. मग डेरिककडे वळून: "तुझी दुसऱ्या कशाला जोडू नकोस. ताणली तर माझ्याशी जुळायची नाही."

स्टेशनवर डेरिकनं तिची पिशवी उचलून दिली. गाडी सुटली तेव्हा तिनं काचेतून डावा हात वर केला, आणि त्यानं आपला उजवा. अर्धा क्षणही उशीर केला नाही, हे मी नमूद करून ठेवतो.

एलीनचा पतंग पुन्हा शेडमध्ये आहे. उजवी दोरी डेरिकच्या कोटाच्या खिशात असते, त्याच कोटाच्या. गॉर्डननं नव्या दोऱ्यांची जोडी भेट देऊ केली तर हा म्हणाला, "कशाला? एक आहे की." स्वतःचा पतंग तो जुन्या दोऱ्यांवर उडवतो. वळायच्या जागी अजून घुटमळतो, पण आता आम्ही काही विचारत नाही.

परवा चहा पिताना तो आपणहून बोलला. एलीनच्या मुलीला जुलैत पंधरा दिवस रजा मिळतेय.

"मग येईल की ती!" मी म्हणालो.

"येईल. पण जुलैत आपल्याकडे वारा कुठला?"

"कधीकधी असतो."

"बेचाळीस मैल? ईशान्य?"

जुलैत तसल्या वाऱ्याची हमी रेडकरात जन्मलेला कुणीही देणार नाही.

"मार्चला बोलाव," गॉर्डन म्हणाला.

"मार्चला शाळा असते." डेरिकनं कप खाली ठेवला, खिशात हात घालून गुंडाळी चाचपली आणि उजवीकडे पाहिलं. अजून त्याची मान आपोआप तिकडे वळते. मग त्यानं फोन काढून जुलैचा अंदाज उघडला. मे महिना होता. इतक्या लांबचा अंदाज कुणी सांगत नाही, हे त्यालाही माहीत आहे.