मिंडेनची डबल्स होडी आणि मागची जागा

हे लिहायला मला माझ्या मुलाने भाग पाडलं. आमच्या फॅमिली ग्रुपवर सईचा, म्हणजे त्याच्या सोळा वर्षांच्या मुलीचा, एका पन्नाशीच्या फ्रेंच माणसाबरोबर फेसाळत्या पाण्यातला फोटो आला. त्याने विचारलं, "आई, तू तिथे होतीस ना? मग हे काय आहे?" सांगायला गेले तर त्याची मीटिंग सुरू झाली. शिवाय तीन मैत्रिणींना मिंडेनचा रस्ता हवा आहे. म्हणून सगळ्यांना एकदाच उत्तर देते.

सईच्या होडीच्या शर्यतीसाठी शनिवारी सकाळी सहाला कॅनडातलं आमचं किचनर सोडलं. गाडी मी चालवली. ४०१ हायवेने टोरांटो ओलांडायचं, मग ३५ नंबरचा रस्ता धरून लिंडसेवरून सरळ उत्तरेला. साडेतीन तास धरा. उशिरा निघालात तर टोरांटोतच अडकाल आणि तो दोष तुमचा. लिंडसेला वॉशरूम उरकून घ्या, पुढे भरवसा नाही. तिथून तळी सुरू होतात. सप्टेंबरात मेपलची एखादीच फांदी लाल झालेली असते, बाकी झाड अजून ठरवत असतं.

मिंडेनच्या वरच्या अंगाला गल नदी धरणातून सुटते आणि खडकांवरून धडधडत उतरते. शर्यतीसाठी तिच्यावर तारांना दांडे टांगतात. दोन दांडे म्हणजे एक गेट. त्यांना न शिवता मधून होडी न्यायची. शिवलात तर दोन सेकंद दंड, गेट चुकलं तर पन्नास. डबल्समध्ये, म्हणजे एका होडीत पुढे-मागे दोघं, दोघांचीही डोकी गेटमधून जावी लागतात. एकाचं गेलं आणि दुसऱ्याचं बाहेर राहिलं, तर गेट चुकलं.

सईची जोडीदार ऑगस्टमध्ये आईवडिलांबरोबर हॅलिफॅक्सला राहायला गेली. तरी सई आली, कोणीतरी मिळेल म्हणून. शर्यत भरवणारा लूक, तोच तो फोटोतला माणूस, हातात कागद घेऊन उभा होता. (तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत लिहिते.)

"डबल्सला एकच होडी आहे," तो म्हणाला. "ग्वेल्फचं एक जोडपं. दोन होड्या नसतील तर डबल्स रद्द. आणि एकदा रद्द झाली की पुढच्या वर्षी कार्यक्रमात कोणी धरत नाही. मला ठाऊक आहे ते कसं होतं."

कसं, ते त्याने चिप वॅगनच्या, म्हणजे तळलेले बटाटे विकणाऱ्या गाडीच्या, बाकावर सांगितलं. (पुटीन, म्हणजे चीज आणि ग्रेव्ही घातलेले तळलेले बटाटे, दोघींत एक पुरे. ग्रेव्ही शाकाहारी आहे का, आधी विचारा.) तो आणि बास्तियाँ पंधरा वर्षं फ्रान्ससाठी डबल्स खेळले. लूक पुढे, बास्तियाँ मागे. पदकं मिळाली, हरलेही पुष्कळदा. पुढच्या मोसमाची तयारी चालली होती आणि मोठ्या स्पर्धांतून हा प्रकारच काढून टाकला गेला. "आम्ही हरलो नाही. आमची शर्यतच उरली नाही." बास्तियाँ गावी परतला, लूक इथे आला. त्यानंतर तो दुसऱ्या कोणाबरोबर डबल्समध्ये बसला नव्हता.

"होडी आहे?" मी विचारलं.

"आहे."

"ही मुलगी आहे. तुम्ही आहात. मग अडलंय कुठे?"

"आजी, प्लीज! यू आर सो एम्बॅरसिंग," सई पुटपुटली.

"मादाम, ती जागा बास्तियाँची आहे."

"मग त्याला फोन करून विचारा. फ्रान्समध्ये आत्ता संध्याकाळ आहे, झोपलेला नसेल."

लूकने माझ्याकडे असं पाहिलं, जसं पूर्वी माझ्या वर्गातली मुलं पाहायची. मग उठून फोन लावला. पाच मिनिटं फ्रेंचमध्ये हसण्याचे आवाज आले. परत येऊन त्याने कागदावर दोन नावं लिहिली.

दुपारचा सराव फजितीचा झाला. सईला पुढेच बसायची सवय, म्हणून लूक मागे बसला. पण पंधरा वर्षांत जे हात पुढच्या जागेचं काम शिकले, ते मागे बसूनही तेच करत होते. दोघांनी एकदमच होडी वळवली की ती गिरकी घ्यायची. एकदा तर उलटं तोंड करून गेटमध्ये शिरली. काठावर ग्वेल्फच्या जोडप्यातल्या नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. त्याची बायको म्हणाली, "हसतोस काय? तू तर सरळही जात नाहीस."

शेवटी लूक म्हणाला, "सई, तू मागे."

सईचा चेहरा उतरला. मागून पुढचं गेट नीट दिसत नाही, समोर फक्त पाठ दिसते. "मी काय बघू मग?"

"माझा खांदा. आणि पाण्यावर सॉरी म्हणायचं नाही. तू सॉरी म्हणेपर्यंत पुढचं गेट आलेलं असतं."

हेल्मेट, लाइफ जॅकेट, खाली दोरी घेऊन उभे असलेले दोन जण, सगळं मी स्वतः तपासलं. मुलाने हे वाक्य दोनदा वाचावं.

रविवारी अकराला डबल्स. ग्वेल्फचं जोडपं प्रत्येक गेटपाशी भांडत, तरी स्वच्छ उतरलं. मग हे दोघे. सई एकदाही बोलली नाही. लूकचा खांदा झुकला की तिचं वल्हं पाण्यात जायचं. सातव्या गेटला सईचं डोकं दांड्याबाहेर राहिलं. पन्नास सेकंद! मी काठावरून मराठीत काय ओरडले ते इथे लिहीत नाही. पण ती थांबली नाही. शेवटच्या उतारावर ते दोघे एका माणसासारखे वळले, आणि लूक खाली पोचण्याआधीच मोठमोठ्याने हसायला लागला. फोटो त्याच क्षणाचा आहे.

दोन होड्यांत दुसरा नंबर. पण शर्यत झाली, आणि काठावर जेवत असताना ओटावाच्या दोन मुली लूकपाशी पुढच्या वर्षी डबल्सला नावं द्यायला आल्या.

संध्याकाळी सातला घरी पोचलो. माझी पाठ धरली आहे. होडीत गुडघे टेकून बसल्याने सईचे गुडघे सोलवटलेत, आणि जिना उतरताना ती माझ्या पुढे न जाता मागून, माझ्या खांद्याकडे बघत उतरते. मला चिडवायला. मला चालतं.

राहता राहिली नोंद. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेली की लिहून ठेवायची, ही माझी जुनी शिस्त:

रविवार, दुपारी तीन, गल नदीचा काठ. लूककडून सईला, बास्तियाँला फोनवर विचारून: मागच्या जागेचं वल्हं, एक. लाकडी, वापरलेलं, पात्याच्या कडेला चीर. परत करायचं नाही. देणाऱ्याची सही आहे. घेणारीचे हात ओले होते, म्हणून तिची सही पुसट आली आहे.