पद्मजा मेस्त्रीचे सोळा संगणक

पद्मजा मेस्त्री आमच्या मंडळाच्या वाचनालयात काम करते. मुलुंड पूर्वेला, माझ्या घरापासून चालत सात मिनिटं. वय शेहेचाळीस, शिक्षण बारावी. वडील देवगडकडचे सुतार. घाटकोपरच्या एका छापखान्यात तिने एकोणीस वर्षं संगणकावर लग्नपत्रिका जुळवल्या. मालक नवा संगणक घेईना, म्हणून जुन्यावरच लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून तिने काम रेटलं. बिघडलं की स्वतः दुरुस्त केलं. छापखाना बंद पडला तेव्हा तिच्याकडे कामाची माहिती होती, दाखवायला कागद नव्हता.

मी व्हॉल्व्हच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होतो. निवृत्तीनंतर वाचनालयातल्या संगणकखोलीची किल्ली माझ्याकडे आली. धूळ पुसायची, वायरी बघायच्या, रजिस्टर लिहायचं. कोणाच्या कामाचं कौतुक करायची मला सवय नाही. पद्मजाचं काम जवळून बघितलं, म्हणून लिहितो.

गोष्ट गेल्या वर्षीची. एका संस्थेने बायकांसाठी पायथन शिकवायचा वर्ग काढायचं ठरवलं. पायथन ही संगणकाला काम सांगायची भाषा. जागा मंडळाची, शिकवणारी व्यक्ती संस्था नेमणार. पद्मजाने अर्ज केला. संस्थेचं म्हणणं, बाईंकडे पदवी नाही. मग आमचे चिटणीस नंदकुमार तिच्यासाठी भांडले. शेवटी असं ठरलं की संस्थेच्या श्रुतिका मॅडम शनिवारी येतील, सोळाच्या सोळा संगणक पद्मजा त्यांच्यासमोर वर्गासाठी तयार करून दाखवेल. जमलं तर वर्ग तिचा. नाही जमलं तर अंधेरीहून त्यांचा माणूस येईल.

सोळा संगणक देणगीतून आलेले. काही कंपन्यांचे, काही घरगुती. कोणावर उबंटू, कोणावर फेडोरा, कोणावर ओपनसुसे. ही सगळी लिनक्सचीच भावंडं, पण प्रत्येकाची रीत वेगळी. सगळ्यांवर एकच का घातलं नाही, असं मीही विचारलं होतं. दोन यंत्रांवर घालून बघितलं तर एकाचा पडदा काळा झाला, दुसऱ्याचं नेट गेलं. जे चालतंय ते चालू द्यावं असं पद्मजाने ठरवलं.

पायथनला लागणारे सुटे भाग नेटवरून आणून जागेवर बसवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला पिप म्हणतात. आमच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरसारखा. मागाल तो भाग काढून देतो. तो नसेल तर वर्ग चालणार नाही. आणि हा स्टोअरकीपर कामावर आणायची कमांड प्रत्येक लिनक्सवर निराळी.

पहिल्या खेपेला पद्मजाने तो हाताने बसवला. प्रत्येक यंत्रापुढे बसून, मागच्या यंत्रावर काय केलं ते वहीत बघत. सोळा यंत्रांना अडीच दिवस गेले. मग तिने जाहीर केलं की हे पुन्हा हाताने करणार नाही, एक स्क्रिप्ट लिहिणार. स्क्रिप्ट म्हणजे कमांडची यादी. एकदा चालवली की यंत्र स्वतः ओळखेल आपण कोण, आणि योग्य ती कमांड स्वतःवर चालवेल.

मला ते आवडलं नाही. कारखान्यात मेहनत वाचवायच्या गोष्टी करणारे मी खूप बघितले होते. त्यांचं काम मागून आम्हालाच निस्तरावं लागायचं.

पण ही बाई तशी नव्हती. चार ओळी लिहायच्या, तिन्ही जातींच्या यंत्रांवर चालवून बघायच्या, सगळं पुसायचं, परत चालवायच्या. आठ दिवस हेच. एकच स्क्रिप्ट एका यंत्रावर ती मुद्दाम दोनदा चालवायची. मी कारण विचारलं. ती म्हणाली, घाईत कोणीतरी दोनदा चालवणारच, तेव्हा काही बिघडता कामा नये. शिवाय यंत्राची ओळख पटली नाही तर स्क्रिप्टने अंदाज करायचा नाही. थांबायचं आणि तसं सांगायचं. हे ऐकल्यावर मी माझी खुर्ची तिच्या शेजारी ओढली. अंदाजाने नट आवळणारा माणूस मी कधी माझ्या बाकावर उभा केला नाही.

गुरुवारी सोळाही यंत्रांवर स्क्रिप्ट नीट चालली. मग तिने सगळ्यांवरून पिप काढून टाकला. मॅडमना कोऱ्यावर करून दाखवायचं होतं.

आता माझी चूक.

आमच्या मंडळात पंख्याच्या पात्यावरही देणगीदाराचं नाव असतं. बाक, घड्याळ, पाण्याचं पिंप, सगळ्यांवर कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ. शुक्रवारी सकाळी नंदकुमार म्हणाले, "दशरथ, घरगुती सहा संगणक ज्यांनी दिले त्यांची नावं कुठे दिसत नाहीत. लोक विचारतात." नाव संगणकाच्या आत, माहितीच्या पानावर दिसावं अशी त्यांची इच्छा. पद्मजा त्या दिवशी आईला घेऊन डॉक्टरकडे गेली होती. ते पान कुठून नाव उचलतं हे मी तिच्याकडूनच शिकलो होतो. लिनक्सच्या पोटात एक लहान फाइल असते, तिच्यात यंत्राची ओळख लिहिलेली असते. मी रजिस्टरमधून पासवर्ड घेतला आणि फाइल उघडली. एक ओळ बदलून भागलं असतं. पण अर्धवट काम मला जमत नाही. लिनक्सचं नाव जिथे जिथे दिसलं तिथे तिथे मी देणगीदाराचं नाव घातलं. सहा यंत्रं, अर्धा तास. काम चोख झालं असं वाटून घरी गेलो.

शनिवारी अकराला श्रुतिका मॅडम आल्या. तिशीतली बाई, बोलणं कमी. पद्मजाने पहिल्या यंत्रापासून स्क्रिप्ट चालवत नेली. दहा यंत्रं झाली, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं. अकराव्यावर स्क्रिप्ट थांबली. पडद्यावर आलं: ओळख पटली नाही. काही बदललेलं नाही. आणि खाली यंत्राची ओळख म्हणून जे सापडलं ते: कै. शेवंती गणपत तावडे यांच्या स्मरणार्थ.

बाराव्यावर दुसरे कैलासवासी. सहाही तसेच.

मॅडमनी पेन उघडलं. नंदकुमारना काही कळलं नव्हतं, ते पद्मजाला म्हणाले, "अगं, परवा तर चालत होतं ना?"

मी म्हणालो, "ते मी केलंय." काय केलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. पद्मजा वैतागेल असं धरून चाललो होतो. हक्कही होता तिचा. तिने पडद्याकडे बघितलं आणि तिला हसू आलं.

"काका, एक ओळ बस होती हो."

मी म्हणालो, जुनी नावं रजिस्टरमध्ये उतरवून ठेवली आहेत, दहा मिनिटांत परत घालतो. तिने मान हलवली. "परत घालूच. पण चूक माझ्याही स्क्रिप्टमध्ये आहे. दुसऱ्या वाचनालयात कोणी असंच नाव बदललं तर ती तिथेही अडणार." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "तुमच्याकडे नावाची पट्टी निघालेलं यंत्र दुरुस्तीला आलं तर काय करायचात?"

"पट्टी कोण बघतं? कुठला पाना बसतो ते बघायचं."

 ती खुर्ची ओढून बसली आणि लिहायला लागली. प्रत्येक लिनक्समध्ये भाग बसवायचं स्वतःचं एक हत्यार असतं, उबंटूचं वेगळं, फेडोराचं वेगळं. नाव कोणी काहीही लिहो, हत्यार तेच राहतं. आता स्क्रिप्टने नाव वाचायचंच नाही, कुठलं हत्यार आहे ते शोधायचं.

नंदकुमार अस्वस्थ झाले. तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "आत्ता ही वेळ आहे का गं? नावं घाल, दाखव, मोकळी हो." त्यांचं बरोबर होतं. दहा मिनिटांत काम झालं असतं, वर्ग मिळाला असता. तिने हात थांबवला नाही. मॅडम घड्याळ बघत होत्या. मीही बघत होतो.

अठरा मिनिटं लागली. अकराव्या यंत्रावर चालवली, चालली. मला वाटलं आता पुढची पाच उरकेल. तिने त्याच यंत्रावर दुसऱ्यांदा चालवली. मग मागे जाऊन आधी तयार झालेल्या दहावर पुन्हा चालवली, कारण स्क्रिप्ट बदलली होती. त्यानंतर उरलेल्या पाचांपैकी चार झाली. सोळावं यंत्र काही केल्या नेटला लागेना. वायर ढिली असेल म्हणून मी बदलली, तरी नाही. पद्मजाने मॅडमना सरळ सांगितलं की पंधरा तयार आहेत, सोळाव्याचं नेटवर्क कार्ड गेलंय, ते आज होणार नाही.

श्रुतिका मॅडमनी पंधरा यंत्रं स्वतः तपासली. मग विचारलं, नावं परत घालून दाखवणं सोपं होतं, तसं का केलं नाहीत?

पद्मजा म्हणाली, "ते दाखवणं झालं असतं, मॅडम. पंधरा दिवसांनी इथे बायका शिकायला बसणार आहेत."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा न घेता गेल्या. तीन दिवस आम्हाला काहीच कळलं नाही. ते तीन दिवस मी वाचनालयात गेलो, पण पद्मजासमोर फार वेळ बसलो नाही. सहाही यंत्रांतली नावं जशी होती तशी परत घातली. देणगीदारांची नावं कागदावर लिहून खोक्यांवर चिकटवली. तिने एकदाही तो विषय काढला नाही. एकदा फक्त, सोळाव्या यंत्राचं कार्ड मिळालं का, एवढं विचारलं.

बुधवारी पत्र आलं. वर्ग पद्मजा मेस्त्री घेतील. स्क्रिप्ट संस्थेला त्यांच्या इतर चार ठिकाणीही हवी आहे, तिथेही तीच जाऊन बसवेल. पत्र तिने दोनदा वाचलं, घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. तिच्या कामाचा, तिच्या नावाचा हा पहिला कागद.

माझ्या चुकीमुळे तो हुकणार होता. तरी त्या शनिवारी, मॅडम समोर बसलेल्या असताना, ती माझ्याकडे वळून मला कामाचं विचारत होती. मी निवृत्त झालो त्याला नऊ वर्षं झाली. औषध घेतलंत का, जेवलात का, एवढंच लोक विचारतात. तिने कामाचा प्रश्न विचारला, उत्तरासाठी थांबली आणि ते उत्तर वापरलं. याचे आभार कसे मानतात ते मला येत नाही. म्हणून सोमवार ते शुक्रवार मी वर्गाआधी अर्धा तास जातो, खोली उघडतो आणि सगळी यंत्रं सुरू करून ठेवतो.