लाईट गेल्यावरचा सिनेमा

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तरी जुन्या इटालियन हॉरर आणि मर्डर मिस्ट्री सिनेमांचा मी वेडा आहे. काळे हातमोजे, वस्तरा, भडक लाल उजेड, ओठांशी न जुळणारं डबिंग... आणि कितीही ओढूनताणून का होईना, शेवटी खुनी सापडतोच. मला तेच आवडतं. म्हणून तर आता सांगतोय त्या प्रसंगाचा इतका वैताग येतो.

ही गोडी लावली सलीमभाईंनी. जुन्या नाशकात त्यांची कॅसेट लायब्ररी होती. आता शुगरमुळे नजर पूर्ण गेलीय. मी अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला. रविवारी त्यांना इंदिरानगरच्या माझ्या फ्लॅटवर आणतो, सिनेमा लावतो आणि शेजारी बसून पडद्यावर काय चाललंय ते सांगत राहतो.

गेल्या थंडीत असाच एक लावला – दोघांनीही न पाहिलेला. बायको निफाडला माहेरी. भर दुपार. सिनेमा रंगात आला आणि लाईट गेली. "सलीमभाई, लाईट गेली. खाली बघून येतो," म्हणालो आणि दार ओढून घेतलं. चावी खिशात. सगळ्या बिल्डिंगची गेली होती. वॉचमनशी बोलण्यात वेळ गेला. वर आलो तर टीव्ही बंदच, आणि सलीमभाई खूश होऊन मान हलवत होते.

"पियानोवाली बाईच निघाली यार. मला तर डॉक्टरवर शक होता. हातमोजे पियानोतच लपवले... क्या बात है."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच की. लाईट लगेच आली म्हणालास, बाजूला बसलास."

"मी आत्ता येतोय. लाईट अजून आलेली नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "विनोद, आंधळ्याची मस्करी नको करू."

लाईट आल्यावर राहिलेला सिनेमा लावला. पियानो शिकवणारी बाई. पियानोच्या झाकणाखाली काळे हातमोजे. मी एकट्यानेच शेवटपर्यंत बघितलं. सलीमभाई ऐकायलाही तयार नव्हते. घरी सोड म्हणाले.

नंतर मी त्यांना फोन करकरून पिडलं. आधी पाहिला होता का? अंदाज केला? डोळा लागला होता? ते चिडायचे. शेवटी यायचेच बंद झाले. त्यांना रविवारशिवाय दुसरं काय आहे? मग मीच जाऊन खोटं बोललो – "मीच होतो भाई, गंमत केली." तेव्हा कुठे हसले.

आता पुन्हा येतात. पण मी सांगायला लागलो की मध्येच थांबवतात. "असं घाईघाईत नाही रे. त्या दिवशी किती छान सांगत होतास... प्रत्येकाचा चेहरा दिसत होता मला."

ते कसं सांगितलं होतं, मला माहीत नाही. कोणी सांगितलं, तेही नाही. आणि विचारायची सोय मीच घालवून बसलोय.