येवल्याच्या मागावर अकरा मिनिटं

सकाळी साडेसहाची येवल्याची एस.टी. नाशकात सीबीएस स्टँडवरून मिळाली, ती कंडक्टरशी भांडूनच. स्टुडिओचं रेकॉर्डिंग मशीन त्याला टपावर टाकायचं होतं. मी म्हणालो, यात माणसांचे आवाज असतात, टपावर जाणार नाही. तो म्हणाला, "मग आवाजांचं हाफ तिकीट काढ." अर्धी गाडी हसली. माझं डोकं तापलं, पण मशीन मांडीवर घेऊन बसलो. असं काही नाजूक घेऊन जाणार असाल तर ड्रायव्हरच्या मागचीच सीट धरा. मागच्या चाकावर निफाडपर्यंतच हाडं मोजून होतात.

या सदरात एरवी मी नाशकातल्या गाण्याच्या बैठकांबद्दल लिहितो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं (सरांशी वाजलं, ते जाऊ दे), तेव्हापासून दिवसा स्टुडिओत केबली गुंडाळतो आणि उरलेल्या वेळात लिहितो. आमचे मालक, म्हणजे मास्तर, यांनी पहिल्यांदाच मला एकट्याला पाठवलं होतं. येवल्यात भीमगीतं गाणारं एक मंडळ आहे, त्यांची चार गाणी आणायची. कोरी रीळ एकच दिली. "पुरव," म्हणाले. आमचं मशीन फितीची पूर्ण रुंदी वापरतं, त्यामुळे रीळ उलटी लावून दुसरी बाजू भरायची सोय नाही.

पिशवीत आणखी एक छोटी रीळ होती. तिच्यात कुंदा आहे. कॉलेजात असताना मी लिहिलेलं गाणं तिने एकदा स्टुडिओत येऊन गायलं, नंतर आम्ही बोलत बसलो आणि मशीन मी मुद्दाम चालू ठेवलं. आता तिचं लग्न ठरलंय, इंदूरला. तिच्या वडिलांच्या मते मी अर्धवट शिकलेला आणि पूर्ण बिघडलेला. रीळ घरी ठेवत नाही, कारण धाकटी बहीण पाहुण्यांना "दादाची गंमत" दाखवते.

लासलगावात गाडी पाऊण तास अडकली. कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग थेट स्टँडपर्यंत. तेवढ्यात उतरून भजी-पाव खाऊन घ्या, रुपयात पोट भरतं. शेजारच्या म्हाताऱ्याने मशीनवर हात ठेवून विचारलं, "हे बोलतं का?"

"आपण बोललं तर बोलतं."

"मंग आमच्या सुनेसारखंच हाय."

येवल्यात स्टँडवर मंडळाचे रमेशदादा सायकल घेऊन उभे होते. दिवसा शाळेत शिपाई, संध्याकाळी ढोलकी. वस्तीतल्या बुद्धविहारात सतरंज्या टाकून, खिडक्यांना गोधड्या लावून आम्ही दोन वाजेपर्यंत चारही गाणी घेतली. चौथ्याच्या शेवटच्या ठेक्याला फितीचं टोक सुटून फडफडलं. नेमकी पुरली. मी स्वतःवर खूश.

जेवताना रमेशदादा म्हणाले, "सिंधूआक्काला ऐकल्याबिगर जाऊ नको."

सिंधूआक्का पैठणी विणतात. त्यांच्या मागाच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबलो. पायाखालची पावडी, धोट्याची फेक, फणीचा ठोका, आणि त्या ठोक्यावर बसलेलं गाणं. नवऱ्याच्या, गावाच्या, रेशमाच्या तक्रारी, सगळ्या सुरात. असा ताल कुठल्याच बैठकीत ऐकला नव्हता.

"आक्का, हे परत म्हणाल? उद्या नवी रीळ घेऊन येतो."

"उद्या कुठली? नक्षीच्या चार बुट्ट्या ऱ्हायल्यात, आज लुगडं मागावरनं उतरतंय. डोळ्याला तार दिसंना आता. उद्यापासून सून बसणार."

"मग मागाशिवाय म्हणा."

"मागाबिगर कसं म्हणू? येतच नाय."

गावात रीळ मिळणं शक्य नव्हतं. मी बाहेर जाऊन बिडी ओढली, आत आलो आणि कुंदाची रीळ मशीनवर चढवली. वर नवं भरलं की खालचं पुसलं जातं.

गाणं सुरू झालं. दीड मिनिटाने आक्का ओळीच्या मधेच थांबल्या. मला वाटलं विसरल्या. मी झटकन मशीन बंद केलं. खरं सांगायचं तर बरंही वाटलं: तेवढी कुंदा वाचली. आक्का बोटांनी तारा उचलत होत्या. मग एकदम, जिथे सोडली होती त्याच अक्षरावर, ओळ पुढे निघाली. मी बटण दाबेपर्यंत दोन शब्द गेले.

"का रं बंद करतो?"

"तुम्ही थांबता म्हणून."

"बुट्टी आली की तारा मोजायच्या. मोजताना गाता येतं व्हय? पण गाणं थांबत नाय, मनात चालू असतंय."

रमेशदादा हळूच म्हणाले, "काय वाचवतो तू? रीळच ना?"

मी रीळ मागे घेतली, सुरुवातीपासून लावली आणि हात मांडीखाली दाबून बसलो. आक्का पुन्हा पहिल्यापासून गायल्या. थांबल्या. ती सगळी शांतता, रेशमाची कुरकुर, बाहेरची शेळी, मी कुंदावर चढू दिली. गाण्यापेक्षा ती शांतता जड गेली. उरलेल्या तीन बुट्ट्या झाल्या. अकरा मिनिटं.

निघताना आक्कांनी रेशीम संपलेली एक रिकामी कांडी हातात ठेवली. "दुसरं काय देऊ?"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी हेडफोन लावून सगळं ऐकलं. भीमगीतांना मान डोलावली. आक्कांची रीळ डोळे मिटून ऐकली, शांततेसकट. शेवटी भुवई वर गेली. "ही कोण?"

मी हेडफोन घेतला. आक्कांच्या अकरा मिनिटांपुढे टोकाला थोडी फीत उरली होती. कुंदा हसत म्हणत होती, "बंद कर ना आता."

मास्तरांनी ब्लेडने तिथे फीत कापली, आक्कांच्या गाण्याला शेवटाची खूण म्हणून पांढरी पट्टी जोडली आणि उरलेली हातभर फीत माझ्यापुढे धरली. "पुढच्या महिन्यात सटाण्याला जायचंय. एकटाच जा."

ती फीत मी आक्कांच्या कांडीवर गुंडाळून ठेवली आहे. मशीनवर लावायची तर कुठल्या तरी फितीला जोडावी लागेल. जोडलेली नाही.