एकट्या काझीपुढे

सौदीतल्या हुफूफ शहरात एका सिग्नलवर माझ्या व्हॅनपुढे अचानक एक सायकलवाला आला. मी ब्रेक दाबला, तरी धक्का लागलाच. त्याचा पाय मोडला. मी रत्नागिरीकडचा, खजुराच्या गोदामातला माल पोचवणारा ड्रायव्हर. सायकलवाल्याने पोलिसांना सांगितलं की सिग्नल लाल असताना मी व्हॅन घातली. प्रकरण कोर्टात गेलं.

तारखेच्या आदल्या दिवशी घरी मुलीने विचारलं, "अब्बा, ज्युरी किती जणांची असणार?" सिरीयलमध्ये तिने एका बाजूला बसलेली बारा माणसं पाहिली होती.

"इथे ज्युरी नसते. काझीच ऐकतो, काझीच ठरवतो."

"एकटाच?"

"एकटाच."

मलाही तेच खात होतं. गावाकडे तंटा जमातीपुढे, म्हणजे मोहल्ल्याच्या पंचांपुढे गेला की दहा माणसं बसतात. एकाला आपण पटलो नाही, तरी दुसरा कुणी सावरून घेतो. इथे माझी भाषाही न कळणाऱ्या एका माणसाच्या हातात सगळं होतं.

कोर्टात दुभाषा उर्दूत बोलत होता. घाबरून मी भराभर सांगत सुटलो. काझीने हात वर केला. "सावकाश सांग," दुभाषा म्हणाला, "तुझं पुरं झाल्याशिवाय ते काही ठरवणार नाहीत."

मग माझा साक्षीदार आला. त्याच चौकातला टायरवाला, पिकल्या दाढीचा सौदी. मी साक्षीसाठी विनवायला गेलो होतो तेव्हा तो नुसतं "बघू" म्हणाला होता.

काझीने विचारलं, "हा जखमी तुझा कोण?"

"शेजारी. माझ्या नातवाला कुराण शिकवतो."

"मग तू काय पाहिलंस?"

"सिग्नल व्हॅनसाठी हिरवा होता. मी दुकानाच्या दारातच उभा होतो."

काझीने सायकलवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी घाईत होतो. माझं चुकलं असेल."

मी सुटलो. बाहेर टायरवाल्याचे हात धरले, पण अरबी शब्द सुचेनात. तो म्हणाला, "पाहिलं ते सांगितलं. त्यात उपकार कसले? त्या सायकलवाल्याला भेटून ये, त्याचे हाल आहेत."

शुक्रवारी बायकोने सांदणं केली, आमच्याकडच्या तांदळाच्या वाफवलेल्या गोड वड्या. डबा घेऊन मी सायकलवाल्याकडे गेलो. त्याने उशी सरकवून मला शेजारी बसवलं. दोघांनी मिळून डबा संपवला. कोर्टाचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.