राहिलेले सदतीस तास

अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधल्या त्या टाउनहाउसच्या फ्रिजवर दोन कागद लावलेले असायचे. एक वाणसामानाची यादी आणि दुसरा आश्लेषाच्या तासांचा तक्ता. यादी दर शनिवारी बदलायची. तक्ता मात्र गेल्या ऑगस्टपासून तोच होता. दर शुक्रवारी शाळेतून आल्यावर, पर्स खांद्यावरून न काढताच, आश्लेषा त्यात त्या आठवड्याचे तास लिहायची आणि खाली बेरीज करायची. बाराशे तास भरले की सुपरवायझरची सही. सही झाली की राज्याचं लायसन्स. आणि लायसन्स हातात आलं की ती स्कूल सायकॉलॉजिस्ट, मुलांना शिकताना कुठे अडतं ते चाचण्या घेऊन शोधणारी. मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी बेरीज अकराशे त्रेसष्ट झाली होती.

"सदतीस," देवदत्त फ्रिजमधून दही काढत म्हणाला. "म्हणजे एक आठवडा. चौदा वर्षं थांबलीस, आता एक आठवडा काय, चहा पिता पिता जाईल."

आश्लेषाचा नवरा असाच बोलायचा. तिची चौदा वर्षं त्याला एका वाक्यात बसवता येत.

ती चौदा वर्षं अशी होती. त्याआधी नागपूरच्या एका शाळेत आश्लेषा नऊ वर्षं समुपदेशक होती. जिन्याखाली तिची खोली होती, दारावर पाटी होती, आणि मधल्या सुट्टीत रडायला येणाऱ्या मुलांसाठी टेबलाच्या खणात गोळ्या असायच्या. मग देवदत्तच्या व्हिसामागून ती इकडे आली. पहिली दहा वर्षं तिला कामाची परवानगीच नव्हती. परवानगी आली तेव्हा कळलं, की नागपूरच्या एम.ए.वर इथल्या शाळेत कुणाला तपासता येत नाही. बेचाळिसाव्या वर्षी ती तेवीस वर्षांच्या मुलींशेजारी वर्गात बसली. तीन वर्षं अभ्यास, मग परीक्षा, आणि मग हे बाराशे तास, एका अनुभवी सायकॉलॉजिस्टच्या हाताखाली.

त्या तीन वर्षांत तिची मुलगी आन्या शाळेतून घरी कशी यायची? वीणा आणायची. वीणा दोन गल्ल्या पलीकडे राहायची. मूळची पुण्याची, बँकेतली नोकरी सोडून आलेली, सगळं वेळच्या वेळी करणारी. ती आन्याला आणायची, खायला घालायची, बर्फ पडत असेल तेव्हा बूट काढून हीटरपाशी वाळत ठेवायची. हे तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर आश्लेषाला सोपं गेलं असतं.

म्हणून ऑक्टोबरात वीणा जेव्हा म्हणाली, "अगं, आमच्या इलाला एकदा बघ ना. टीचर सारखी म्हणते, मागे पडतेय, मागे पडतेय. तू घरचीच आहेस," तेव्हा आश्लेषाला नाही म्हणता आलं नाही.

तसं पाहिलं तर नाही म्हणायचं, हे तिला शिकवलं होतं. ओळखीच्या घरातलं मूल तपासायचं नाही. लायसन्स नसताना सुपरवायझरशिवाय कुणालाच तपासायचं नाही. चाचणीची पेटी शाळेबाहेर न्यायची नाही. हे सगळं तिने परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तरी एका शुक्रवारी तिने पेटी गाडीत टाकली आणि शनिवारी सकाळी, आपल्या डायनिंग टेबलावरची चटण्यांची भांडी बाजूला सारून, आठ वर्षांच्या इलाला समोर बसवलं. लाल-पांढरे ठोकळे चित्राप्रमाणे जुळवायचे, ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने सांगायचे, खुणा भराभर उतरवायच्या. इलाने जीव तोडून केलं. तीन आकड्यांच्या पुढे तिला उलटं सांगता येईना. खुणांच्या दुसऱ्या ओळीतच ती पेन्सिल चावायला लागली.

पोर मुळीच ढ नव्हती. ऐकलेलं तिच्या डोक्यात टिकत नव्हतं, आणि डोळ्यांकडून हातापर्यंत जायला वेळ लागत होता. वाचन त्यामुळेच अडलं होतं. अशा मुलांना शाळेत रोज वेगळी मदत मिळते, आणि ती मिळाली की मुलं सुधारतात. आश्लेषाने वीणाला सांगितलं, "शाळेकडे लेखी मागणी कर. त्यांना रीतसर तपासणी करावीच लागते."

"करते. पण कशात कमी पडली ते तरी सांग."

आणि आश्लेषाने सांगितलं. ठोकळे, आकडे, खुणा. मग वाफाळता चहा, मग चिवडा. सोमवारी पेटी शाळेच्या कपाटात परत गेली.

आश्लेषा इंटर्नशिप करत होती, त्याच शाळेत इला शिकत होती. वीणाचा अर्ज आला तेव्हा आश्लेषा आपल्या सुपरवायझरकडे, मिसेस कोवाल्स्कींकडे गेली आणि म्हणाली, हे कुटुंब माझ्या ओळखीचं आहे, ही केस मी करणार नाही. मिसेस कोवाल्स्की सत्तावीस वर्षं हेच काम करत होत्या. त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

"हे तू आपणहून सांगितलंस, छान केलंस," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या मूल्यमापनात याची नोंद करते."

अर्धं खरं बोलल्याबद्दल आश्लेषाच्या फाइलमध्ये एक चांगला शेरा पडला.

त्या मेच्या शनिवारी वीणाने तिला डोशाला बोलावलं. दार उघडल्या उघडल्या तिच्या हातावर काजू कतली ठेवली.

"पास झाली!"

"कोण?"

"कोण काय, इला! मिसेस कोवाल्स्कींचा रिपोर्ट आला. सगळं अ‍ॅव्हरेज, आणि दोन गोष्टींत तर अ‍ॅव्हरेजच्या वर. गुरुवारी मीटिंग आहे, पण ती नुसती फॉर्मॅलिटी. आता ती टीचर तोंड उघडून दाखवू दे."

आश्लेषाने उरलेली कतली तशीच हातात धरली. ऑक्टोबरात तिने स्वतः घेतलेल्या चाचणीचे मार्क तिला तोंडपाठ होते.

इला टेबलापाशी बसली होती. "मावशी, आकडे दे ना!"

"दे दे, ऐक तर खरं," वीणा तव्यावर डोसा पसरत म्हणाली.

"चार, नऊ, एक, सहा, दोन," आश्लेषा म्हणाली. आवाज तिचा तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"टू, सिक्स, वन, नाइन, फोर!" इलाने श्वासही घेतला नाही.

"बघ! तुम्हा नागपूरकरांना वाटतं सगळं आपोआप होतं. रोज जेवताना दहा आकडे. झोपायच्या आधी खुणांची दोन पानं, घड्याळ लावून. आणि ठोकळे ऑनलाइन मागवले, अगदी तसेच." वीणाने चमच्यांचा खण ओढून दाखवला. झारे आणि कालथ्यांच्या मधे लाल-पांढरे ठोकळे पडले होते. "पाच महिने घासून घेतलं मी तिच्याकडून."

"वीणा, ती परीक्षा नव्हती गं."

"म्हणजे?"

"त्याची तयारी करायची नसते. तयारी केली की काही कळतच नाही."

"परीक्षा नाही, पण मार्क आहेत. मार्क आहेत, पण तयारी करायची नाही." वीणा हसली. "मग तू मला कशात कमी पडली ते सांगितलंस कशाला?"

वीणा खवचटपणे बोलली नव्हती. आपल्याकडे पोर कशात कमी पडते कळलं, की आई ते घासून घेते. याशिवाय दुसरं काही करता येतं, हे तिला कोण सांगणार होतं? ते सांगायचं काम आश्लेषाचं होतं.

"मावशी," इला डोशाचा कडक काठ मोडत म्हणाली, "आय अ‍ॅम फास्ट नाउ. बट रीडिंग इज स्टिल हार्ड."

"होईल हळूहळू," वीणा म्हणाली. "रिपोर्टमध्येच लिहिलंय, घरी दुसरी भाषा बोलतात म्हणून वाचन मागे आहे, वेळ द्या. आम्ही आता घरी इंग्लिशच बोलणार."

घरी आल्यावर आश्लेषाने देवदत्तला सगळं सांगितलं. तो लॉन्ड्रीच्या घड्या घालत होता.

"गुरुवारी काय ठरेल?"

"मदतीची गरज नाही, असं. मग फाइल बंद. पुढच्या वर्षी चौथी. तेव्हा प्रत्येक विषय वाचूनच करायचा असतो, सायन्ससुद्धा. ती बुडेल, देवदत्त."

"मग वीणाला सांग, पुन्हा अर्ज कर म्हणावं."

"ती कशाला करेल? तिच्या मते पोर पास झाली. आणि कोवाल्स्कींना काय माहीत, की ते आकडे पाठ केलेले आहेत? वर्षाच्या आत तीच चाचणी झाली असेल तर पुन्हा घ्यायची नसते. ती झाली होती, हे शाळेत फक्त मला माहीत आहे."

"आणि तू सांगितलंस तर?"

तिने फ्रिजकडे पाहिलं. देवदत्तनेही पाहिलं.

"हे बघ," त्याने टॉवेल छातीशी धरला, "तू खोटं काही लिहिलं नाहीस. सही होऊ दे. लायसन्स येऊ दे. मग हवं तर वीणाला बसवून समजाव."

"सही करायच्या फॉर्मवर एक ओळ आहे. इंटर्नने व्यवसायाचे सर्व नियम पाळले. त्याखाली माझीही सही लागते."

"सगळेच करतात अशा सह्या, यार."

तिने त्याच्या हातातला टॉवेल घेतला आणि त्याने चुकीची घातलेली घडी मोडून परत घातली. गप्प बसलं तर इला अडकत होती, बोललं तर आपण. वीणाच्या घरी तीन वर्षं वाळलेले आन्याचे छोटे बूट तिच्या डोळ्यांसमोर येत राहिले. ते उपकार फेडायला तिने पेटी घरी आणली होती, आणि फेड अशी झाली होती.

सोमवार ते बुधवार तिने तास भरले, पण तक्त्याकडे बघायचं टाळलं.

गुरुवारी सकाळी साडेसातला मिसेस कोवाल्स्कींनी तिला आत बोलावलं. टेबलावर फॉर्म होता, त्यांची सही आधीच झालेली.

"पुढच्या आठवड्यात मला सवड नाही, म्हणून आत्ताच उरकते. तास पूर्ण झाल्यावर तारीख घाल. इथे तुझी सही."

पेन त्यांनी तिच्या बाजूला वळवून ठेवलं होतं. आश्लेषा बसली नाही. उभ्या उभ्या तिने सांगितलं. पेटी, शनिवार, डायनिंग टेबल, खणातले ठोकळे. सांगायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत, याचं तिला आश्चर्य वाटलं.

मिसेस कोवाल्स्कींनी फॉर्म आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाल्या, "त्या मुलीचे निकाल मला जरा जास्तच सफाईदार वाटले होते. मी स्वतःची समजूत घातली." त्यांनी फॉर्म खणात ठेवला. फाडला नाही, पण खणाला किल्ली लावली. "आजची मीटिंग मी पुढे ढकलते. दुसऱ्या शाळेतला सायकॉलॉजिस्ट वेगळी चाचणी घेईल. तुझ्या युनिव्हर्सिटीला मला आजच कळवावं लागेल. ते तास थांबवतील, की सगळे तास रद्द करतील, मला माहीत नाही."

"हो."

"आणि त्या कुटुंबाशी या विषयावर एक शब्दही बोलायचा नाही. जे सांगायचं ते आम्ही सांगू."

"ती माझी मैत्रीण आहे."

"म्हणूनच." त्यांनी हात पुढे केला. आश्लेषाने गळ्यातला बॅज काढून दिला.

शाळेच्या दर्शनी भागात दोन दारं होती. बाहेरचं ढकललं की उघडतं, आणि आतलं ऑफिसने बटण दाबल्याशिवाय बाहेरून उघडत नाही. मधल्या काचेच्या चौकोनात आश्लेषा आली, तेव्हा समोरून वीणा शिरत होती. इस्त्रीचा कुर्ता, एका हाताला इला, दुसऱ्या हातात शिक्षकांसाठी कतलीचा डबा. मीटिंग आठला होती. वीणा नेहमीप्रमाणे वीस मिनिटं आधी आली होती.

"कुठे निघालीस? बरं झालं भेटलीस. तू माझ्या शेजारी बस, त्यांचं ते भराभर इंग्लिश मला झेपत नाही."

"मला आत जाता येणार नाही."

"का? बरं नाही का तुला? तोंड बघ कसं झालंय. काय झालं, सांग ना."

काचेपलीकडून सेक्रेटरी त्यांच्याकडे बघत होती. आश्लेषाचा हात आपोआप गळ्याशी गेला आणि रिकामा खाली आला.

"मावशी, आय अ‍ॅम नर्व्हस," इला म्हणाली. "आकडे दे ना. जस्ट वन टाइम."

"नको, इला," आश्लेषा म्हणाली. "आता आकडे नकोत."

वीणाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. डोळे मात्र आधी मुलीकडे गेले, मग डब्याकडे, मग आश्लेषाच्या रिकाम्या गळ्याकडे.

"तू त्यांना सांगितलंस," ती म्हणाली.

बटण दाबल्याचा आवाज झाला. आतलं दार सुटलं. वीणाने ते खांद्याने ढकललं आणि इलाला घेऊन ती आत गेली. एरवी ती मागच्यासाठी दार धरून ठेवायची.